थोरलीच्या दोन खोल्या

छापखान्याच्या बांधणी विभागात तिला सगळे थोरली म्हणत. घरीही ती थोरलीच. सहा भावंडांत पक्की नोकरी लागलेली तीच एकटी, त्यामुळे तिच्या दोन खोल्यांत पाहुणा म्हणून आलेला माणूस राहूनच जाई. आधी आजारी काका, मग धाकट्या बहिणीची दोन मुलं.

टेबलाच्या पलीकडे चष्मेवाली बसे. वीस वर्षं दोघी समोरासमोर पुस्तकांचे फर्मे, म्हणजे छापून घडी घातलेल्या पानांचे जुडगे, शिवत होत्या. हुद्दा तोच, पगार तोच. दोघींची मुलं एकाच वर्गात, आणि थोरलीची लेक कायम चार पावलं पुढे.

इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेत मात्र दोघंही घसरली. त्या वर्षी थोरलीच्या घरात सात माणसं होती. लेक मोरीच्या दाराशी पाट टाकून अभ्यास करायची. चष्मेवालीचा मुलगा आत्याकडे राहायला गेला. तिथे त्याला वेगळी खोली मिळाली, गणित शिकवायला आत्याचे प्राध्यापक यजमान मिळाले. दुसऱ्या खेपेला तो पास झाला. थोरलीची लेक तोवर औषधांच्या दुकानात काउंटरला उभी राहिली होती.

"जिद्दीचा आहे हो माझा," चष्मेवाली म्हणाली. अगदी मनापासून म्हणाली, म्हणून थोरलीला धड चिडताही येईना.

पुढे शिक्षण संपल्यावर मामाच्या ओळखीने चष्मेवालीचा मुलगा मोठ्या कंपनीत चिकटला. तेव्हा थोरलीने मनाचा हिय्या केला. "माझ्या लेकीसाठी टाकशील का गं भावाच्या कानावर? ऑफिसातलं कसलंही काम चालेल."

"टाकलं असतं गं. पण यंदा पुतणीचं सांगून ठेवलंय. आपल्या माणसांना नाही कसं म्हणायचं?"

"हे तू मला सांगतेस?" थोरली म्हणाली. चष्मेवालीला त्यातलं काहीच उमगलं नाही.

त्याच संध्याकाळी बहिणीचा फोन आला. "ताई, तिसऱ्यालाही पाठवते तुझ्याकडे."

"नको. आता जागा नाही." थोरली जन्मात पहिल्यांदा नाही म्हणाली.

बहीण म्हणाली, "मग आम्ही कोणाच्या दारात जायचं, ताई?"

रविवारी तो तिसरा भाचा पिशवी घेऊन दारात उभा राहिला. थोरलीने त्याच्यासाठी फळीचा एक कप्पा रिकामा केला. तो लेकीचा होता. दुकानातून दमून आलेली लेक खाली ठेवलेल्या आपल्या पुस्तकांकडे बघत राहिली.

"आई, माझ्यासाठी तुझ्याकडे जागा कधी होणार?"

थोरली भाच्याचं अंथरूण घालत राहिली. लेकीने पुस्तकं उचलून मोरीच्या दाराशी नेऊन ठेवली.