चौघींचा एकच मालक

आधी चहाच्या बश्या खाली ठेवा, मग ऐका. हसताना चटका बसला तर माझ्या नावानं ओरडू नका!

मी तेव्हा परंड्यात साधा पोलीस शिपाई. हवालदार व्हायचं, दंडावर फीत लावायची, हा एकच ध्यास. पण परंड्यात गुन्हा म्हणजे काय, तर कुणाची तरी म्हैस कुणाच्या तरी रानात. त्यावर कुठं फीत मिळते का?

अशात गावात चार सिस्टर आल्या. पांढऱ्या साड्या, दूर दक्षिणेकडच्या, मराठी जेमतेम. गोरगरिबांना फुकट औषधपाणी करायच्या. आमची बायको गळू दाखवायला गेली आणि पळतच परत आली.

"अवो, त्यांच्या बोटात अंगठी दिसली म्हनून म्या इचारलं, मालक कोन? तर म्हनल्या, आमचा चौघींचा मालक एकच! आन् भांडण न्हाय, तंटा न्हाय!"

एका नवऱ्याला चार बायका! आणि एकीच्या वर बायको करायची नाही, असा कायदा नुकताच आलेला. मला तर दंडावर फीत दिसायलाच लागली हो!

गेलो तडक. थोरल्या सिस्टरपुढं काठी आपटली. "तुमचा मालक कुठाय?"

ती गोड हसली. "वर आहेत."

"वर काय करतो?"

"सगळ्यांना बघतात."

काय हा निर्लज्जपणा! "पोरंबाळं किती?"

तिनं ओसरीवरच्या रोग्यांच्या रांगेकडं हात केला. "ही सगळी."

त्या रांगेत आमच्या फौजदारसाहेबांची म्हातारी आई बसलेली. तरीही मला शंका आली नाही, बोला!

शिडी दिसली. चढलो माळवदावर. तिथं पांढऱ्या चादरी वाळत घातलेल्या, आणि एका चादरीमागं काहीतरी हललं. "सापडलास!" म्हणून घातली झडप. निघालं मांजर! ते उडालं एकीकडं, आणि मी चादरीसकट खाली शेजारच्या कडब्यावर.

पाय मोडला. चौघींनी उचलून आत खाटेवर नेलं. समोर भिंतीवर क्रूस होता. थोरलीनं त्याला हात जोडले. "हे आमचे मालक. अंगठी यांच्याच नावाची."

लाज वाटली हो, फार लाज वाटली. मी तिच्यावर एवढा गुरकावलो, आणि ती बाई कळ येऊ नये म्हणून हळूहळू माझ्या पायाला फळी बांधत होती. दंडाला फीत मिळायची, ती पायाला पट्टी मिळाली!

पण एवढ्यावर भागतंय कुठं? बायकोनं आडावर आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. गलका ऐकून बाया खिडकीशी जमल्या. बघतात तर काय, मी खाटेवर. एक सिस्टर पाय बांधतेय, एक वारा घालतेय, एक घाम पुसतेय, चौथी उशी सारखी करतेय.

"सापडला गं बया मालक! चौघी बी कशा सेवा करायल्यात!"

ओरडून सांगावं, तर तोंडात थर्मामीटर!

तेवढ्यात बायको धापा टाकत दारात आली. तिनं चौघींकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं.

"मग आता म्या पाचवी का वो?"