डोंगराआडचा ठिपका

सगळ्यात आधी डेलभावजी आले. शिडी घेऊन!

वर्षश्राद्धाला कोणी शिडी घेऊन येतं का हो?

मागून यांच्या रेडिओ क्लबातले दोघं, हातात पाने-पकडी. मी दारात, हात वड्यांच्या पिठाचे.

आमचे हे जाऊन आज वर्ष झालं.

डेल म्हणजे यांचे इथले गोरे जोडीदार. रिटायर झाल्यावर दोघांनी आमच्या गॅरेजमध्ये दोन सीटचं विमान बांधलं. खरंखुरं, उडणारं! गाडी कितीतरी हिवाळे बर्फात उभी. एक पंख तर माझ्या देव्हाऱ्यापर्यंत आला होता.

त्यात यांनी साबणाच्या डबीएवढा रेडिओ बसवला. उडता उडता तो सांगत राहतो, मी इथं आहे, मी इथं आहे. खाली कुणा हौशी रेडिओवाल्याच्या घरी ते ऐकू गेलं, की कॉम्प्युटरच्या नकाशावर ठिपका पुढं सरकतो.

मी चौथी पास. पण ठिपका कळायला शाळा कशाला? तो नदीवर आला की मी कुकर लावायची.

एकदा ठिपका डोंगरापाशी थांबला. थांबला तो थांबलाच.

मी आत-बाहेर, आत-बाहेर. गॅस बंद केला, लावला, परत बंद. देवाला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही.

आणि हे दारात! "भूक लागलीय गं."

असं झापलंय मी! तर हसून म्हणतात, "अगं, विमान नव्हतं थांबलं. डोंगराआड आमचं ऐकणारं कोणी नव्हतं."

त्याच आठवड्यात आमच्या छतावर अँटेना चढली. घर बरोबर त्या डोंगरातल्या खिंडीसमोर. ठिपका परत कधी अडला नाही.

हे गेले ते घरीच, झोपेत. विमान आता डेल एकटे उडवतात. अँटेनाला जोडलेला मागच्या खोलीतला रेडिओ मी बंद केलाच नाही. रविवारी ठिपका बघत बसते. ते उतरेपर्यंत जीव थाऱ्यावर नसतो.

यंदा वाऱ्यानं अँटेनाचा पाइप वाकला. लेकानं परस्पर डेलना फोन केला, आईला त्रास नको, काढून टाका. म्हणून ही शिडी!

डेल वर चढले. पहिला स्क्रू निघाला. मी धावत शिडीपाशी.

"भावजी, खाली उतरा!" मी मराठीतच ओरडले. "ती काढली तर डोंगराआड तुमचं कोण ऐकणार?"

माझ्यामागं आलेल्या नातीनं ते इंग्लिशमध्ये सांगितलं. डेल एक पायरी खाली आले. मग म्हणाले, "वहिनी, वर्षभर मी नकाशावर बघतोय. डोंगराआड मला कोणाच्या घरी ऐकलं, त्यापुढं अजून तुमच्या यांचंच नाव येतं."

मला हे ठाऊकच नव्हतं हो. मी आपला ठिपका बघायची.

घाबरत विचारलं, "रेडिओचं लायसन्स यांचं होतं. मला चालेल?"

नात म्हणाली, "आजी, he says बोलायला लायसन्स लागतं. ऐकायला नाही. पण तू? नुसतं ऐकणार?"

सगळे हसले. मीही.

स्क्रू परत बसला.

मनात यांना म्हटलं, अहो, तुम्ही निवांत असा. इथलं मी ऐकतेय.

डेल शनिवारी परत येतो म्हणालेत, नवा पाइप घेऊन.