भिवाची कुरकुरीत भाजी

भिवा घडशी मूळचा राजापूरकडचा, शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात वेल्डर. मासे आणि भात मिळाला की त्याचं जेवण झालं; भाजी तो ताटाच्या कडेला सारायचा. खोलीवर सगळ्यांचा स्वयंपाक साताऱ्याचा रोशन करायचा. कोबी असो की फरसबी, त्याच्या कुकरमधून लगदाच बाहेर यायचा, त्यामुळे भिवाला आयतं निमित्त मिळालं होतं.

यंदा दात घासताना त्याच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. दवाखान्यात डॉक्टर साजिदाबाईंनी दात साफ केले आणि तो रोज काय जेवतो ते विचारलं. ऐकून त्या हिंदीतच म्हणाल्या, "यात सी व्हिटॅमिन कुठे आहे, भाई? भाजी खा. पण शिजवून शिजवून तिचा जीव घेऊ नकोस."

मग त्यांनी नीट समजावलं. सिमला मिरची, कोबी, गाजर मोठ्या आचेवर चटकन परतायचं. पाण्यात उकळून ते पाणी ओतून दिलं, की सत्त्वही त्याच्याबरोबर जातं. चमचाभर तेल मात्र हवं, म्हणजे गाजराचा गुण अंगी लागतो.

सुट्टीच्या दिवशी भिवाने कढई तापवली. सोया सॉस घालून भाजी परतली आणि सगळ्यांना वाढली. रोशनने एक घास चावला.

"भिवा, आम्ही काय शेरडं आहोत का?"

सगळे हसले. भिवाने ती एकट्यानेच संपवली, तीही नाक मुरडत.

पुढच्या खेपेला त्याने सोया सॉस बाजूला ठेवला. मोहरी, लसूण, कढीपत्त्याची फोडणी केली, भाज्या भराभर परतल्या, गॅस बंद करून लिंबू पिळलं आणि ओलं खोबरं पेरलं. वास आला तसा रोशन उठून ओट्यापाशी आला. त्याने वरून शेंगदाण्याचं कूट घातलं. त्या दिवशी कढई पुसून खाल्ली गेली.

गावाकडून बायकोचा, सगुणाचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा नवरा कोबी चावत होता. तिला खरं वाटेना. तिने सासूबाईंनाही बोलावून दाखवलं.

पुढे हिरड्या बऱ्या झाल्या. साजिदाबाईंनी तपासून मान डोलावली. आता सुट्टीला शेजारच्या खोलीतले मल्याळी मित्रही येतात, आपापली भाजी घेऊन. गेल्या खेपेला एकाने ब्रोकोली आणली. भिवाने ती उलटसुलट करून पाहिली, हुंगली, आणि म्हणाला, "यल्ला, चला, हिलाही फोडणीत टाकू."