टाकीतला हार

मडिवाळप्पाला विहिरीत वाकून बघायला सांगा, न्हाय बघणार. थोरला भाऊ येडू सोलापुरात गटाराच्या चेंबरमधी तुंबा काढाय उतरला आन् वर आला तो दोरानं बांधूनच. तवापास्नं ह्या गड्यानं खोल जागेशी वैर धरलं.

तरी नोकरी मिळाली ती गटाराच्याच पाण्याची. शहराचं मैलापाणी साफ करून कापडाच्या कारखान्याला द्यायचं. तितं कुणी उतरायचं नसतं, म्हणून त्यानं धरली. टाकीत लोखंडी सांगाड्याला शेवयांसारख्या बारीक पोकळ दोऱ्या टांगलेल्या. पंप त्यांतनं पाणी वढतो, घाण भाईर ऱ्हाती. दोऱ्या चोंदू नयेत म्हणून खालनं हवेचे बुडबुडे. मडिवाळप्पानं काठावर उभं राहून पंपाच्या दाबाचा काटा बघायचा, बस.

खंडेनवमी आली. त्याच्या गावी, कुंभारीत, नांगराला, विळ्याला हार घालत्यात. हितं ज्याच्यावर चूल पेटती ते तर टाकीत बुडालेलं. मग त्यानं कठड्यालाच झेंडूचा हार बांधला. सांच्याला वारं सुटलं आन् हार आत.

दोन-चार दिसांत एका कोपऱ्यातले बुडबुडे थांबले, काटा चढाय लागला. टाकी उपसली तर हाराचा नायलॉनचा दोरा पार तळाला हवेच्या नळ्यांत गुतलेला.

"सांगाडाच वर घेऊ. क्रेन उद्या येईल," इंजिनेर शबाना मॅडम म्हनल्या आन् फोन लावाय आत गेल्या.

ठेकेदाराचा मुकादम रावजी तवर बांबूची शिडी लावून मोकळा. "उद्या कशाला? हार कुनाचा?"

"माजाच."

"मग काढ की! देव तुजा, दोरा तुजा."

"आण्णा, मला भ्या वाटतंय."

"बांगड्या भरू का?"

चूक आपली, म्हणून पाय शिडीवर गेला. कुजक्या अंड्याचा भपकारा आला. खाली काळा गाळ. आणखी एक पायरी उतरला, आन् वास एकदम गेला. साफ.

येडूच्या मयतीला एका म्हाताऱ्या सफाईवाल्यानं सांगितलं व्हतं, "वास येतोय तवर बरं. गेला की पळ. नाक मेलं समज, फुडं तू."

पळायचं कुटलं! हात दांड्याला चिकटले, पाय लाकडाचे झाले. डोळ्याम्होरं दोरानं बांधलेला येडू. तोंडातनं आईला निस्ती हाक, "अव्वा..."

"मडिवाळप्पा, वर बघा! माझ्याकडं बघा!" शबाना मॅडम काठावर पालथ्या पडून त्याची कॉलर वढत व्हत्या. "रावजी, बघता काय? हात धरा!"

दोघांनी भाईर काढला. तो तितंच भडाभडा ओकला. मॅडमनी वायू मोजायचं यंत्र दोरीनं आत सोडलं, तसं ते टिटवीगत वरडाय लागलं. रावजीचं तोंड पांढरंफटक.

क्रेन आली, सांगाडा वर आला. मडिवाळप्पानं बोटांनी दोरा सोडवला.

काही दिसांनी रावजी म्हनला, "मडिवाळ, शिडी कुटं दिसंना?"

"चुलीत घातली. काल भाकरी तिच्यावरच भाजल्या."

"आरं, ठेकेदाराची व्हती ती!"

"व्हय? मग लई उतरायचं असंल तर ठेकेदाराला म्हनावं, उडी मार."