थोरलीने नापास केलेला फोटो

छापखान्यात फोटो तपासायचं काम थोरलीकडे होतं. छपाईला जाणारा प्रत्येक फोटो आधी तिच्या पडद्यावर यायचा आणि ती हो म्हणाली तरच पुढे सरकायचा. प्राण्यांच्या एका दवाखान्याचं कॅलेंडर दरवर्षी तिथेच छापलं जाई, त्यामुळे मांजरांचे फोटो तिने पोत्यांनी पाहिले होते. मिशा पुसट झाल्यात का, काळ्या मांजराचा नुसता कोळसा झालाय का, हे तिला एका नजरेत कळायचं.

घरी ती मोठी जाऊ. दोन भाऊ, दोन जावा, दोन खोल्या आणि मध्ये एकच स्वयंपाकघर. धाकटीबद्दल तक्रार करावी असं काही नव्हतं, आणि थोरलीची तीच खरी तक्रार होती. इस्त्रीवाला धाकटीशी हसून बोलायचा. दिराचं सोडाच, थोरलीचा स्वतःचा नवराही ‘चहा तिच्याच हातचा’ म्हणून मोकळा झाला होता.

थोरलीने हे सगळं गिळलं. काजळीचं मात्र तिला गिळवेना. काजळी म्हणजे घरातली मांजर, डोळ्यांभोवती काळी रेघ असलेली. जिन्याखाली हे पिल्लू सापडलं तेव्हा त्याचे डोळेही उघडले नव्हते. थोरलीने कापसाचा बोळा दुधात बुडवून बुडवून तिला जगवलं. अजूनही खायला ती थोरलीच्याच पायाशी यायची. पोट भरलं की तोंड पुसत धाकटीच्या खोलीत निघून जायची.

एका दुपारी धाकटीने फोनवर काजळीचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, ‘ताई, कॅलेंडरला चालेल का हो? उगाच आपला काढला.’

थोरलीने तो पडद्यावर मोठा करून पाहिला. डावा कान चौकटीबाहेर गेलेला, बल्बचा पिवळा रंग चढलेला, डोळ्यांऐवजी नाकच तेवढं स्पष्ट. पण काजळी उशीवर उताणी पडली होती, पंजे सैल सोडून, अर्धवट मिटल्या डोळ्यांनी सरळ समोर बघत. फोटोतल्या मांजरांचे डोळे सावध असतात, कॅमेऱ्यामागे कोण आहे याचा अंदाज घेत असतात. या डोळ्यांना अंदाज घ्यायची गरजच नव्हती. थोरलीच्या पोटात दुखायला लागलं ते तिथून.

संध्याकाळी दोघी शेंगा सोलत बसल्या होत्या, तेव्हा धाकटीने विचारलं, “पाहिलात का?”

“पाहिला. कान कापला गेलाय. रंगही बिघडलाय. छापण्यासारखा नाही.”

“असेल. मला कुठे त्यातलं कळतं?” धाकटी म्हणाली आणि शेंगा सोलत राहिली. ती जरा तरी हिरमुसली असती तर थोरलीला बरं वाटलं असतं.

सुट्टीच्या दिवशी थोरलीने छापखान्यातला कॅमेरा घरी आणला. खिडकीपाशी उजेड छान होता. काजळीला तिथे बसवलं तर ती पाठ फिरवून बसली. हाका मारल्या, चुचकारलं, दोरी हलवून पाहिली. नुसती शेपटी हलली. शेवटी थोरलीने माशाचा तुकडा कॅमेऱ्याच्या वर धरला. काजळी झटकन वळली. दोन्ही कान ताठ, मिशीचा केस न् केस वेगळा, डोळे काचेसारखे लख्ख.

तो फोटो तिने कॅलेंडरच्या गठ्ठ्यात ठेवला. धाकटीचा ठेवलाच नाही. छापखान्याचे मालक म्हणाले, “हा घ्या. याला म्हणतात फोटो.” थोरली खूश व्हायला हवी होती.

कॅलेंडर घरी आलं. धाकटीने मोठ्या हौसेने स्वयंपाकघरात खिळा ठोकून काजळीचं पान वर येईल असं टांगलं.

“किती गोड बघतेय तुमच्याकडे,” ती म्हणाली.

“माशाकडे बघतेय,” थोरली म्हणाली.

धाकटी हसली. तिला तो विनोद वाटला.

रोज भाजी चिरताना ते पान समोर असायचं. काही दिवसांनी थोरलीने सहज विचारल्यासारखं विचारलं, “तुझा तो उशीवरचा फोटो आहे का गं अजून?”

“नाही हो. तुम्ही म्हणालात ना बरा नाही, मग पुसून टाकला. फोनमध्ये जागाच नव्हती.”

म्हणजे तो आता फक्त थोरलीकडे होता. हे तिने सांगितलं नाही. जेवणाच्या सुट्टीत ती छापखान्यात तो उघडून बसायची. आपण वाढवलेली मांजर धाकटीकडे कशी बघते ते बघायची, आणि डबा तसाच राहायचा.

एक दिवस मात्र तिने तो कामाला घेतला. पिवळेपणा काढला. कान काही परत आणता येणार नव्हता. चांगल्या जाड कागदावर छापून तिने तो धाकटीच्या हातात ठेवला.

“हा माझ्याकडे होता. चांगला आहे. त्या दिवशी मी मुद्दाम वाईट म्हणाले.”

धाकटीने कापलेल्या कडेवर बोट ठेवलं. “पण कान?”

“कानाचं काय घेऊन बसलीस? कशी निवांत पडलीय बघ तुझ्यापुढे.”

धाकटीने तिचा दंड हलकेच दाबला. तिला काय कळलं, किती कळलं, हे तिने चेहऱ्यावर येऊ दिलं नाही.

थोरलीला वाटलं होतं, तो फोटो कॅलेंडरशेजारी लागेल. धाकटीने तो आपल्या खोलीत पलंगाच्या वर लावला. आता तिच्या खोलीवरून जाताना दार उघडं असलं की थोरलीची मान आपोआप तिकडे वळते. आणि दार बंद असलं की ती स्वयंपाकघरात येऊन भांडी जरा जास्तच जोरात घासते.