सोजराबाईचं बिनछेदाचं मडकं

अंगण अर्धं सारवून झालं होतं, अर्धं तसंच उघडं पडलं होतं, आणि शेणकाल्याच्या घमेल्यात हात बुडवून सोजराबाई मोरीमागच्या खड्ड्याकडे टक लावून बसली होती. उद्या निमाडचे पाहुणे यायचे होते. ते देवघर पाहायला येत नव्हते, की तिच्या नवऱ्याची, तुळशीरामची, वांगी पाहायला येत नव्हते. ते थेट मोरीमागं जाणार होते. पाहुण्याला मोरी दाखवायची वेळ तिच्या माहेरी कोणावर आली नव्हती, सासरी कोणावर आली नव्हती.

झालं होतं असं. महाराष्ट्र होऊन चार-दोन वर्षं झाली होती. पंचायत समिती नवीकोरी होती आणि नव्या सुनेसारखी तिला रोज काहीतरी करून दाखवायची हौस होती. ग्रामसेवकानं गावात शोषखड्डे खणवले. मोरीचं पाणी गल्लीत सोडायचं नाही, खड्ड्यात सोडायचं. खाली मोठे दगड, त्यावर विटांचे तुकडे, वर रेती, आणि मोरीच्या नळीखाली एक मडकं. त्याच्या बुडाला छेद पाडायचे, आत गवत कोंबायचं. घाण गवतात अडकते, पाणी छेदातून जमिनीत जिरतं. गल्लीतला चिखल गेला, डास कमी झाले, आणि सोजराबाईच्या खड्ड्याकाठच्या केळीला असा घड धरला की सरपंच उत्तमराव आल्यागेल्याला तो स्वतःच्या नातवासारखा दाखवू लागले.

तिकडे सीमेपलीकडे, मध्यप्रदेशातल्या निमाडात, बिनधुराच्या चुली बसल्या होत्या. दोन्हीकडच्या साहेबांनी ठरवलं की तुमचं आम्ही पाहतो, आमचं तुम्ही पाहा. आधी निमाडची मंडळी इकडे येणार, मग इकडची तिकडे जाणार, आणि त्यात एक बाईमाणूस पाहिजेच.

"ज्या घरचा खड्डा पाह्यन्याईले पसंत, त्या घरची बाई जाईन," उत्तमरावांनी चावडीवर सांगून टाकलं.

निमाड म्हटल्यावर बाकीच्या बायांना चूल दिसली. सोजराबाईला दिसले ओंकारेश्वर. नर्मदामाईत एक बुडी आणि ओंकारमहाराजाचं दर्शन, एवढंच तिनं लग्न झाल्यापासून देवाजवळ मागितलं होतं. तुळशीरामचं उत्तर ठरलेलं असायचं, "मिरच्या निघू दे." मिरच्या निघाल्या की वांगी यायची. वांगी सरली की कांदे. या वांग्याकांद्यात सोजराबाईनं मोरीवरून न उठता तीन राज्यं पाहिली. आधी मध्यप्रदेश, मग मुंबई, मग महाराष्ट्र. घर तसूभर हललं नाही, पण आपल्याच राज्यातले ओंकारमहाराज बसल्या जागी परराज्यात गेले.

असा तिचा सगळा जीव त्या खड्ड्यात गुंतला होता, तेवढ्यात शेजारच्या अन्नपूर्णाबाई डोकावल्या.

"वो माय! सोजरे, हे काय वं?"

"शोषखड्डा नाही का, काकू. तुमच्याबी घरी त आहे."

"माह्या घरचा कोणी पाहाले नाही येऊन राह्यलं. मी मडक्याचं म्हणते. दारी छेदाचं मडकं! पाह्यने पाहुणचाराले येऊन राह्यले का मैतीले?"

छेदाचं मडकं माणूस कुठं पाहतो हे सांगायला नको. स्मशानात, चितेभोवती फेरे घालताना. इतके दिवस ती त्यावर टोपली पालथी घालायची आणि वरून शिवाचं नाव घ्यायची. पण उद्या टोपली निघणार, आणि पाहणारे कोण, तर ओंकारमहाराजाच्या मुलखातले!

मग दोघी कामाला लागल्या. छेदाचं मडकं गोठ्यामागं गेलं. उन्हाळ्यासाठी आणलेलं कोरं मडकं त्याच्या जागी बसलं. त्याला चुन्याचा पट्टा ओढला, कुंकवाचं स्वस्तिक काढलं. एवढं झाल्यावर अन्नपूर्णाबाईंची नजर रेतीवर गेली.

"अन् हे उघडं काऊन ठेवतं? नवरी नटवली अन् पाय धुतलेच नाही, असं दिसते ते."

सोजराबाईनं उरलेल्या अंगणासकट खड्डाही सारवला. एक हात, त्यावर दुसरा हात. वर रांगोळीचं कमळ, कमळाखाली 'सुस्वागतम्'. तुळशीराम मळ्यातून आला आणि पाहून म्हणाला, "झ्याक!" बायकोनं काय केलं ते त्याच्या लक्षात आलं नाही. खड्डा स्वच्छ दिसतो एवढंच आलं. रांगोळी मोडू नये म्हणून त्या रात्री ताटंसुद्धा मोरीत न विसळता परसात विसळली.

दुसऱ्या दिवशी पाहुणे मलकापूरला गाडीतून उतरून जीपनं गावात पोचले. सगळ्यांपुढं रेवाबाई होत्या, तिथल्या पंचायतीतल्या. आवाज खणखणीत, चाल तुरुतुरु. उत्तमरावांनी घसा साफ केला.

"आता मोरीत पानी टाकू. पाहा, पानी येईन, अन् हे गायब! तुळशीराम, टाक बे!"

तुळशीरामनं घागर रिकामी केली. पाणी नळीतून मडक्यात आलं आणि तिथंच थांबलं.

"धीर धरा," उत्तमराव म्हणाले. "आमची जमीन जराशीक लाजाळू आहे. टाक अजून!"

दुसऱ्या घागरीला मडकं भरलं. तिसरीला ते उतू गेलं. कुंकू कालवलेलं मोरीचं पाणी सारवणावरून घसरत कमळात शिरलं, 'सुस्वागतम्' सोबत घेतलं आणि पाहुण्यांच्या पायांशी नेऊन पोचवलं.

उत्तमराव गडबडले, पण बोलायचे थांबले नाहीत. "आमच्याकडे पाह्यन्याचे पाय धुवाची रीत आहे!"

ग्रामसेवकानं कपाळाला हात लावला. निमाडच्या एका माणसानं दुसऱ्याला हळूच म्हटलं, "यह काम का नहीं. चलो."

सोजराबाईला वाटलं, नर्मदामाई आपल्या डोळ्यांदेखत उलटी वाहून चालली. अन्नपूर्णाबाई तर केळीचा घड आयुष्यात प्रथमच पाहावा तशा पाहत उभ्या होत्या. मुकाट राहिलं तर आपलं दर्शन गेलंच, वर हे लोक चांगल्या खड्ड्याला वाईट म्हणत घरी जाणार. तिनं पदर खोचला आणि पुढं झाली.

"खड्डा चांगला आहे जी! म्याच बुजवला. छेदाचं मडकं मैतीचं असते, म्हणून काढलं. बिनछेदाचं ठेवलं. अन् वरून सारवलं. पानी जाईन कोठून?"

रेवाबाई ज्या हसत सुटल्या त्या मांडी घालून ओल्या अंगणातच बसल्या.

"अरी बहन! हमारे यहाँ तो इससे बढ़कर हुआ."

त्यांच्या गावी बिनधुराच्या चुलीचं धुराडं छपरावर गेलं, तेव्हा ते बायांना थेट देवळाच्या शिखरासारखं दिसलं. शिखर मोकळं कसं ठेवायचं? बायांनी त्यावर पितळी लोटा कळस म्हणून बसवला, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. मग चूल पेटवली. सगळा धूर घरात. पाहायला आलेले साहेब आत गेले ते डोळे गाळत बाहेर आले, आणि बायांना वाटलं, साहेबाला गहिवर आला.

आता सोजराबाई हसू लागली. तिला पाहून अन्नपूर्णाबाईंनी घडावरची नजर सोडली.

"और छेदवाले मटके में क्या बुराई?" रेवाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "हमारे यहाँ नवरात्र में देवी के आगे वही रखते हैं. भीतर दिया जलता है, छेद-छेद से उजाला."

सोजराबाईचा चेहरा उजळला, आणि लगेच पडला. "अवं बाई! मंग देवीच्या मडक्यात खरकटं पानी कसं सोडू?"

उत्तमराव मटकन ओट्यावर बसले. "माय माऊल्याहो, मडक्याले मडकं राहू द्या!"

शेवटी अन्नपूर्णाबाईंनीच निवाडा दिला. एक छेद असला तर स्मशानाचं, दिवा असला तर देवीचं, आणि गवत असलं तर मोरीचं. शास्त्रात हे कुठं आहे ते कोणी विचारलं नाही. बायांनी खुरप्यानं सारवण खरवडलं, जुनं मडकं गोठ्यामागून आणून बसवलं. तुळशीरामनं पाणी टाकलं. गवतातून बुडबुडा आला, आणि पाणी गुडगुड करत खाली गेलं. निमाडच्या मंडळींनी वाकून वाकून पाहिलं, घड हातानं तोलून पाहिला, खड्ड्याची लांबीरुंदी धोतराच्या सोग्यानं मोजून घेतली. तेवढ्यात सोजराबाईनं रेवाबाईंना, ओंकारमहाराज तुमच्या गावापासून किती लांब, ते विचारून घेतलं.

पाहुणे जीपमध्ये बसत असताना उत्तमरावांनी आपल्या बायकोची वर्णी लावू पाहिली. "मंग आमच्या घरून येतीन तुमच्याकडे, आमची मंडळी."

"नहीं जी. यही बहन आएगी." रेवाबाईंनी सोजराबाईचा हात धरला. त्यांच्या गावचे लोटे अजून धुराड्यांवरच होते. एकदा बसवलेला कळस उतरवायचा कसा, म्हणून गावातल्या बाया अडून बसल्या होत्या आणि धुरात खोकत स्वयंपाक करत होत्या. साहेब सांगून थकले. "उनको समझाने वाली उन्हीं जैसी चाहिए. फिर ओंकारजी मैं खुद ले जाऊँगी."

जीप गेली. तुळशीराम म्हणाला, "आता मिरच्या..."

"निघतीन त्याईच्या त्या," सोजराबाई म्हणाली. "अन् भाकरी काकू टाकतीन."

अन्नपूर्णाबाईंनी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि केळीकडे पाहून मिटलं.

सोजराबाईनं देवापुढं दिवा लावला, हात जोडले. तिला एकच चिंता होती. परमुलखात जाऊन धर्माचं काही चुकीचं सांगायला नको. उद्या सकाळची पहिली मोटार धरून ती पिंपळगाव राजाला जाणार होती, बसवलेला कळस कसा उतरवतात ते भगवानराव गुरवाला विचारायला.