माय पाण्यात का उतरेना

मंडळी, रेंज आत्ता आली म्हणून लिहितोय. भाड्याची कॅरॅव्हॅन घेऊन मी आणि माय कोकणच्या किनाऱ्याने निघालोय. आम्ही धुळ्याकडचे. मायने समुद्र कधी पाहिलेला नव्हता. नाना, म्हणजे माझे वडील, "एकदा दाखवतो तुला" म्हणत राहिले आणि गेल्या उन्हाळ्यात गेले.

आज सकाळी रस्ता संपला तिथे सुरूच्या बनात गाडी लावली. किनाऱ्यावर चिटपाखरू नाही. मी चपला काढून थेट पाण्यात. माय मात्र कोरड्या वाळूवर पाय पोटाशी घेऊन बसली.

"माय, ये ना! इतक्या लांब कशाला आलोय मग?" मी चिडलोच.

ती म्हणाली, "आपली तापी आठेच येस ना?"

"हो, इथेच येते, वर गुजरातेत मिळते याच समुद्राला. त्याचं काय?"

"मग तुना नानास्ले पाय कसा लावू?"

नानांची रक्षा आम्ही तापीत सोडली होती. आणि मी घोटाभर पाण्यात उभा! चुकून कुणाला पाय लागला की करतो, तसं वाकून पाण्याला हात लावला आणि कपाळाला लावला.

तेवढ्यात एक मोठी लाट वर आली आणि मायचे पाय भिजवून गेली. मी तिला उठवायला धावलो, तर तिने हातानेच थांबवलं.

"ऱ्हाऊ दे. आते तेच उनात."

आता तेच आले, म्हणाली. अजून तिथेच बसली आहे.

तुमच्या माणसांना ज्या नदीत सोडलंत, ती पुढे कुठे जाते हो?